रेतीची चार पोती

आमच्या जीपचे मागचे पाटे बसलेत, हे आई पडायच्या आधीपासून सगळ्या गावाला माहीत होतं. पाटे म्हणजे मागच्या चाकांवर, गाडीच्या बुडाशी एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची कमान. नवी असते तेव्हा ती छान वाकलेली असते आणि गाडीला वर तोलून धरते. आमच्या गाडीतली कमान माणसांनी आणि धानाच्या पोत्यांनी दाबून दाबून सपाट झाली होती. जीप मागून खाली बसलेली आणि तोंड किंचित वर. शेजारचे दसरूभाऊ म्हणायचे, "सुखदेवची गाडी आभाळाकडे पाहत चालते." ते पाटे करकरायचेही. नाल्याचा उतार उतरताना तो आवाज घरापर्यंत यायचा. मग आई चुलीवरून भाताचा गंज उतरवून निखाऱ्यावर ठेवायची, लाखोरीच्या वरणात मिरचीची फोडणी घालायची, आणि बाबा पाय धुऊन आत येईपर्यंत ताट वाढलेलं असायचं. आमच्या घरी घड्याळ होतं, पण जेवण त्या करकरण्यावर व्हायचं.

आमचं गाव वैनगंगेच्या गडचिरोलीकडच्या अंगाला, आरमोरीच्या रस्त्यापासून दोन कोस आत. मधे जंगल आणि एक नाला. बाबा रोज सकाळी गावातली आणि वाटेतली माणसं भरून आरमोरीला, तिथून नदी ओलांडून ब्रह्मपुरीला जायचे आणि दुपारनंतर परत यायचे. मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या मोहल्ल्यातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, मुलांतही आणि मुलींतही. हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात पहिलं असणं म्हणजे काय, ते सांगायला मला अजूनही नीट जमत नाही. होस्टेलात माझ्या खोलीतल्या दोघी मास्तरांच्या मुली होत्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या घरून पत्रं यायची, त्यांत अभ्यास कसा करावा, कोणतं पुस्तक घ्यावं ते लिहिलेलं असायचं. माझ्या घरून पत्र येत नसे, बाबाच यायचे. जीप फाटकाशी उभी करून, हॉर्न न वाजवता, मी दिसेपर्यंत थांबायचे. "बरी हायेस ना?" म्हणायचे. मी "हो" म्हणायचे. मग आमच्याकडे बोलायला काही उरत नसे, आणि ते निघून जायचे.

घरी गेले तरी काही वेगळं नव्हतं. कॉलेजात जायला लागल्यापासून आई मला पाहुण्यांची स्टीलची थाळी द्यायची. ती आणि बाबा त्यांच्या पोचे पडलेल्या जर्मनच्या ताटांत जेवायचे. मी पाणी भरायला निघाले की शेजारची सायत्राबाई माझ्या हातातून घागर घ्यायची, "राहू दे व, तुह्या हाताले सवय नाई आता." आधी मला घरात रोज बोलणी बसायची, भात करपला म्हणून, केरसुणी उभी ठेवली म्हणून. आता कुणीच रागावेना. मला वाटायचं, ही माझ्यावरची माया आहे. ती होतीही. पण मायेनंही माणूस दूर बसवला जातो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. 

त्या हिवाळ्यात आई पडली. शेतातून खळ्यावर धानाचे भारे नेताना बैलबंडीच्या वर बसली होती, चाक बांधावरून घसरलं आणि ती भाऱ्यासकट खाली आली. कमरेचं हाड दुखावलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात तिला बरेच दिवस ठेवलं, मग घरी पाठवलं, पण दर पंधरा दिवसांनी दाखवायला आणा म्हणाले. डॉक्टरांनी बाबांना दोनदा बजावून सांगितलं होतं, हाड जुळत आलंय, पण हादरे बसू देऊ नका, नाही तर बाई पुन्हा उभ्या राहणार नाहीत. आई खाटेवर पडून असायची. स्वयंपाक बाबा करायचे, आणि भात रोज थोडा गिच्च व्हायचा. दवाखान्याच्या दिवशी बाबा एकही माणूस घेत नसत. मागच्या दोन्ही बाकांच्या मधे गोधड्या अंथरून आईला निजवायचे आणि बैलगाडीपेक्षा हळू गाडी चालवायचे.

उन्हाळाभर हे निभलं, कारण नाला कोरडा होता. पण पाणी आलं की तो दिवाळीपर्यंत वाहतो. मागच्या वर्षी माणसांनी भरलेली जीप नाल्यात उतरली, मागचा भाग खाली बसलेला, सायलेन्सरचं तोंड पाण्यात बुडालं आणि मशीन मधोमध बंद पडलं. लोकांनी उतरून ढकललं होतं. आता मागे आई निजलेली असताना गाडी पाण्यात बंद पडली तर ढकलायलाही कुणी नसतं. पाटे बदलून गाडी मागून उचलून घेणं एवढा एकच मार्ग होता.

ब्रह्मपुरीत रऊफ मिस्त्रीचं गॅरेज होतं. मी त्यांना चाचा म्हणायची. बुटके, पांढऱ्या दाढीचे, कानात कायम कापसाचा बोळा. त्यांनी आम्हाला दोन तऱ्हेचे पाटे दाखवले. एक सात पातळ पट्ट्यांचा, जीपचाच, थोडी जास्त कमान दिलेला. दुसरा पाच जाड पट्ट्यांचा, ट्रकच्या पाट्यांतून कापून बनवलेला. दोन्हींनी गाडी उचलली जाणार होती. कोणता घ्यायचा, असं चाचांनी विचारलं तेव्हा बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

"ते सांगल. सायन्सात हाये माही पोरगी."

मी घाबरले. नाही म्हणायला हवं होतं. पण बाबांनी ते इतक्या सहज म्हटलं होतं आणि चाचांच्या गॅरेजातली चार माणसं माझ्याकडे बघत होती. आणि खरं सांगायचं तर मला आनंदही झाला. कॉलेजात शिकलेली एक गोष्ट घराच्या कामाला येणार होती. आमच्या प्रयोगशाळेत स्प्रिंगला वजनं टांगून ती किती ताणते ते मोजायचा प्रयोग मी नुकताच केला होता. मी म्हटलं, "मला दोन दिवस द्या. मी मोजून सांगते."

ती मोजणी गावात अजून जुन्या माणसांना आठवते. मी आईच्या शिवणाच्या पेटीतली टेप घेतली आणि मोहल्ल्यातल्या माणसांना जीपमध्ये बसवलं. आधी चार जण, मग आठ, मग बारा आणि वर धानाची दोन पोती. प्रत्येक वेळी मागच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंत अंतर मोजून वहीत लिहीत होते.

"काऊन व शाली, आमचं वजन लिहून राह्यली का?" सायत्राबाईनं आतून विचारलं.

"तुमचं नाही, गाडीचं."

"मंग दसरूभाऊले दोनदा लिह. त्यायचं पोट येगळं बसते."

"माहं पोट काढा तं गाडी आपोआप उचलते," दसरूभाऊ म्हणाले, "पाटे कायले घेता." सगळी जीप हसली, आणि ती हसली तसा पत्रा खालीवर झाला, म्हणून मला पुन्हा मोजावं लागलं. खूप दिवसांनी मी त्यांच्यात होते. आई आत खाटेवर होती. तिची खाट बाबांनी दाराशी सरकवली होती आणि ती तिथून मान वळवून बघत होती, हसतही होती. मी बारा माणसं मोजली, पोती मोजली. दाराशी पडलेल्या बाईकडे माझं लक्ष गेलं, पण टेप घेऊन नाही.

गणित सरळ होतं. पूर्ण भरलेल्या गाडीत सात पट्ट्यांचा पाटा पुन्हा बसणार होता, पाचाचा बसणार नव्हता. भरल्या गाडीतही सायलेन्सर पाण्याच्या वीतभर वर राहत होता. मी वही घेऊन चाचांकडे गेले आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कानातला बोळा काढून ऐकलं.

"भरल्या गाडीचं बराबर हाये. अन् खाली असन तवा?"

"रिकामी असली तर प्रश्नच नाही चाचा. तेव्हा ती वरच राहील."

"बेटा, पाट्याले वजन लागते. वजन नाई तं तो पाटा नाई, लाकूड हाये." मग ते बाबांकडे वळले. "सुखदेवभाऊ, तुम्ही काय म्हणता?"

बाबांनी वहीत डोकावून पाहिलं. त्यांना वाचता येत होतं, पण हळूहळू, आणि इंग्रजी आकडे नाहीत. तरी ते पानभर पाहत राहिले. "लिहून आणलं ना तिनं," ते म्हणाले. "ते लावा."

जाड पाटे बसले. जीप मागून अशी उचलली गेली की दसरूभाऊंनी लगेच म्हटलं, आता सुखदेवची गाडी जमिनीवर काय सांडलं ते पाहत चालते. करकर थांबली. बाबा संध्याकाळी अंगणात गाडीभोवती फिरून आले, वाकून पाट्यावर हात फिरवला आणि मला म्हणाले, "लय बेस केलं." बाबांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यांत मोठं कौतुक. मग सुट्टी संपली आणि मी होस्टेलात परत गेले. बाबा फाटकाशी यायचे. मी विचारायचे, "पाटे कसे आहेत?" ते म्हणायचे, "मस्त हायेत." "नाल्यातून गाडी निघते?" "आरामानं निघते." "आईला त्रास नाही ना होत?" "नाई नाई." आमच्याकडे आता बोलायला एक विषय होता, याचंच मला समाधान वाटायचं. पुढे पुष्कळ वर्षं मी स्वतः भौतिकशास्त्र शिकवलं. मुलं स्प्रिंगचा प्रयोग करायला लागली की मी प्रत्येकाच्या वहीत आधी रिकाम्या स्प्रिंगचं वाचन लिहिलंय का ते बघायची. मुलांना वाटायचं, बाई फार काटेकोर आहेत.

पोळ्यानंतर एका शनिवारी कॉलेजला सुट्टी मिळाली आणि मी न कळवता घरी निघाले. बसनं आरमोरीच्या पुढे, गडचिरोलीच्या उलट बाजूच्या फाट्यावर उतरले आणि जंगलातून चालत नाल्याशी पोचले, तर समोरून आमची जीप उतारावरून येत होती. दवाखान्याचा दिवस होता. मी थांबले आणि बघतच राहिले. जीप मागून बरीच खाली आली होती, मी पाहिलेली उंची तिला राहिली नव्हती. मला वाटलं, पाटे तुटले. बाबा उतरले, हातात काठी घेऊन गुडघाभर पाण्यातून या काठापर्यंत चालत आले, मग मला पाहिलं. "तू कशी आली?" म्हणाले आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता परत गेले. गाडी पाण्यात घातली. नाल्याला पाणी चढलेलं होतं, सायलेन्सरचं तोंड पाण्याला जेमतेम लागता लागता बाहेर आलं. मी मागे चढले. गोधड्यांवर आई, आणि तिच्या दोन्ही बाजूंना, बाकांखाली, ओल्या रेतीची चार पोती.

"ही रेती कशाला बाबा?"

"आरमोरीले पाह्यजे कोणाले तरी. बांधकाम हाये त्यायचं."

आई वर ताडपत्रीकडे बघत होती. मी तिच्या उशाशी बसले. ती म्हणाली, "अभ्यास होते ना?" मी हो म्हटलं. आरमोरी आली आणि गेली. बाबा थांबले नाहीत. मला वाटलं, परत येताना उतरवतील. गडचिरोलीला डॉक्टरांनी आईला पाहिलं, भिंतीला धरून चार पावलं चालवलं. आम्ही दवाखान्याच्या पायरीवर डब्यातली अंबाडीची भाजी आणि भाकरी खाल्ली. परतीला आरमोरी पुन्हा आली. बाबा पुन्हा थांबले नाहीत. तेव्हा मी आईकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते, पण ती झोपलेली नव्हती. रस्त्यात खड्डा आला की तिचे ओठ हलायचे, बुद्धं सरणं गच्छामि, आणि खड्डा गेला की थांबायचे. मी पोत्यावर हात ठेवून बसले होते. रेती थंड होती. ती कुणाच्या बांधकामाची नव्हती, रिकाम्या गाडीला वजन म्हणून होती, हे मला कळलं होतं. आम्ही तिघं त्या चार पोत्यांबरोबर घरी आलो.

सोमवारी मी कॉलेजला न जाता चाचांच्या गॅरेजात गेले. ते एका ट्रकखाली होते, फक्त पाय बाहेर. मी त्या पायांशी बोलले, समोरासमोर बोलायला मला जमलं नसतं.

"चाचा, तुमचं खरं होतं. रिकाम्या गाडीचं."

"मले माहीत हाये," ट्रकखालून आवाज आला. "तुह्या आईले पयल्या खेपेले नेलं, तवा गाडी अशी उडत गेली, ते बिचारी आठ दिवस कुशीवर होऊ शकली नाई. तवापासून तुहा बाप रेती टाकून राह्यला."

"तुम्ही मला सांगितलं का नाही? मी इथेच तर होते, पाच मिनिटांवर."

ते सरपटत बाहेर आले. "मी म्हणलो होतो, एक पट्टी काढून देतो, काम खतम. तो म्हणे, नाई. पोरीनं लिहून देल्लं हाये, तिले समजन तं वाईट वाटन, अभ्यासावरून मन उडन." त्यांनी फडक्यानं हात पुसले. "तुमचं शिकल्या लोकायचं हेच हाये बेटा. चुकले तं सांगाची कोणाची हिंमत नाई होत. माहं पोट्टं चुकलं तं पाना फेकून मारतो मी."

मला रडू आलं. चाचा कावरेबावरे झाले आणि चहा मागवू का म्हणाले. मी म्हटलं, चहा नको, पट्टी काढा. ते म्हणाले, "एक नाई, दोन काढतो. त्याच्या जागी तीन पातळ घालतो. गाडी बोटभर खाली येईन, पण तुही आई झोपून जाईन." आणि मग, जरा थांबून, "हे तुलेच सांगा लागन तुह्या बापाले. मी नाई सांगत."

दुपारी बाबा माणसं उतरवून आले तेव्हा मी त्यांना गॅरेजात घेऊन गेले. चाचांनी जीपच्या मागे जॅक लावला. काहीच न विचारता बाबांना समजलं असावं. ते काच पुसायला लागले. स्वच्छच होती ती. मी त्यांच्या बाजूला उभी राहिले.

"बाबा, माझं चुकलं ना?"

"मी बी तं हो म्हणलो होतो."

"तुमचं नाही विचारत. माझं चुकलं ना?"

फडकं काचेवर थांबलं. लहानपणी मी शेणाची पाटी सांडली की ते जसं बघायचे, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. किती वर्षांनी.

"चुकलं," ते म्हणाले. "आपल्या माणसाले मोजाले पाह्यजे होतं तू. सारा गाव मोजला अन् आईले नाई मोजलं." आणि मग थोड्या चढ्या आवाजात, "अन् कालेज काऊन बुडवलं आज?"

मी खाली मान घालून ऐकून घेतलं. मागे चाचांचा हातोडा पट्ट्यांवर पडत होता. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्या वाईट वाटण्यात मी एकटी नव्हते, हे मला आज जास्त स्पष्ट दिसतं. बाबांना गाडीत बसताना मी सांगितलं, पुढच्या खेपेला रेती नको. ते म्हणाले, पाहतो.

माझं पुढचं आयुष्य बहुतेक एकटीनं गेलं. नोकरीची गावं, भाड्याच्या खोल्या, आदरानं बोलणारे लोक. स्टीलची थाळी काही शेवटपर्यंत सुटली नाही. आई ती माझ्यापुढे ठेवायची तेव्हा मी काहीच म्हणायची नाही, तिला ती ठेवण्यात अभिमान होता. बाबा गेले तेव्हा माझी कुणाकडून तरी "चुकलं" हा शब्द त्या सुरात ऐकण्याची शेवटची जागा गेली. जीप त्याआधीच गेली होती, भंगारात.

पण त्या वर्षाचं अजून थोडं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर, नवा धान घरी आल्यावर, बाबा एका सकाळी होस्टेलच्या फाटकाशी आले. हातात धोतराच्या फडक्यात बांधलेलं मोठं गाठोडं होतं, हलकं.

"लाह्या हायेत. तुह्या आईनं फोडल्या."

"आईनं? चुलीपुढे बसून?"

"दोन घंटे बसली. उठली बी आपल्या हातानं." ते जीपकडे बघत बोलत होते. "ते रेती अंगणात पडली होती ना. चाळून घेतली, कढईत तापवली अन् तिच्यातच धान फोडला. म्हणे, मेहनतीनं आणली हाये, वाया कायले घालवाची."

ते गेल्यावर मी खोलीत आले. दोघी मैत्रिणी तासाला गेल्या होत्या. खिडकीशी बसून मी गाठोडं सोडलं. लाह्या अजून किंचित कोमट होत्या, किंवा मला तसं वाटलं. दुसऱ्या मुठीत दाताखाली कचकन एक रेतीचा कण आला. घरी असते तर आईला ओरडून सांगितलं असतं. मी खिडकीशी तशीच बसून राहिले, आणि तो कण थुंकला नाही.